दहा मैलांची अट आणि एक रत्तल धान्य

गरजू माणसाला मदत द्यायची आणि त्या मदतीला अटी लावायच्या, ही गोष्ट फार जुनी आहे. अट मोडली की मदत कमी करायची किंवा काही दिवस बंद करायची, हीही तितकीच जुनी. अट घालणारा म्हणतो, ‘खऱ्या गरजवंताला हिचा त्रास नाही, आळशी आणि लबाड तेवढे गाळले जातील.’ ऐकायला हे न्यायाचे वाटते. पण प्रत्यक्षात या चाळणीतून कोण खाली पडतो? आपल्याच मुलखातल्या एका दुष्काळाच्या आधाराने आज आपण ते पाहू. दुष्काळ १८७६ ते १८७८ चा. त्याची झळ पुणे, सोलापूर, सातारा, नगर, नाशिक, खानदेश या जिल्ह्यांना लागली, आणि खाली बेळगाव, धारवाड, कलादगीपर्यंत गेली.

परंतु या गोष्टीचे मूळ आपल्या मातीत नाही, इंग्लंडात आहे. तेथे १८३४ साली गरिबांविषयीचा नवा कायदा झाला. तोपर्यंत गावोगावच्या गरिबांना थोडीबहुत मदत घरबसल्या मिळत असे. नव्या कायद्याने ठरवले की अंगात काम करण्याची ताकद आहे अशा माणसाला मदत हवी असेल तर त्याने घर सोडून ‘वर्कहाउस’मध्ये, म्हणजे गरिबांच्या कोंडवाड्यातच म्हणा ना, राहायला यावे. तेथे नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुले तिसरीकडे. अन्न मोजके, काम कंटाळवाणे. आतली स्थिती बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराहूनही कमी सुखाची असली पाहिजे, हे तत्त्व उघडपणे मांडलेले होते. सुख दिसले तर लोक गर्दी करतील, ही भीती! अँडोव्हर गावच्या वर्कहाउसात जनावरांची हाडे कुटून खत करण्याचे काम असे. भुकेली माणसे ती हाडे चोखून आतला मगज खातात, ही बातमी १८४५ साली बाहेर आली तेव्हा साऱ्या इंग्लंडात खळबळ उडाली. पण तत्त्व काही गेले नाही. आयर्लंडात बटाट्याचे पीक बुडून लोक मरू लागले तेव्हाही सरकारने आधी खडी फोडण्याची आणि रस्त्याची कामे काढली. पुढे १८४७ साली असा नियम केला की पाव एकराहून जास्त जमीन कसणाऱ्याने ती सोडल्याशिवाय त्याला मदत नाही. जमीन सोडावी तर पुढच्या वर्षी पेरायचे कुठे, आणि न सोडावी तर आज खायचे काय?

या विचारात वाढलेले साहेब लोक आपल्याकडे कारभार करीत होते. आता १८७६ कडे वळू.

त्या साली पावसाने दगा दिला. खरीप करपले, रब्बीची पेरणी बहुतेक ठिकाणी झालीच नाही. ज्वारी-बाजरीचे भाव चढले. मुंबई सरकारने सुरुवातीला बरीच तत्परता दाखवली, हे कबूल केले पाहिजे. ठिकठिकाणी कामे निघाली. दौंड-मनमाड लोहमार्ग, माणदेशातला म्हसवडचा तलाव ही त्याच काळातली. ही झाली मोठी कामे, बांधकाम खात्याच्या ताब्यातली. शिवाय गावाजवळची लहानसहान कामे होती. त्यांवर मामलेदार-कलेक्टरांची देखरेख असे. रस्त्यावर मुरूम टाकणे, विहिरी-तळ्यांतला गाळ काढणे, अशी ही कामे. म्हातारे, बायाबापड्या, मुले, अशक्त माणसे तेथे जात. काम हलके, मजुरीही थोडी. पण संध्याकाळी माणूस आपल्या घरी परत येत असे.

इकडे दिल्लीस १ जानेवारी १८७७ रोजी मोठा दरबार भरला आणि व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, त्या दरबाराला हातच्या सुताचे जाडेभरडे कपडे घालून गेले होते. त्याच सुमारास व्हाइसरॉय लिटन यांनी सर रिचर्ड टेम्पल या अधिकाऱ्याला दुष्काळाची पाहणी करायला मद्रास आणि मुंबई इलाख्यांत धाडले. खर्च आटोक्यात ठेवा, हे सांगायला ते विसरले नाहीत. धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालू नये, असाही लिटनसाहेबांचा हुकूम होता.

टेम्पलसाहेबांची निवड मोठी चमत्कारिक होती. तीनच वर्षांपूर्वी, १८७३-७४ साली, बिहारात दुष्काळ पडला असता याच टेम्पलनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून लोकांना पोटभर दिला होता. माणसे फारशी मेली नाहीत. पण त्याचे कौतुक होण्याऐवजी ‘किती ही उधळपट्टी!’ म्हणून विलायतेपासून कलकत्त्यापर्यंत त्यांच्यावर टीका झाली. माणसे वाचवल्याबद्दल ज्याला बोल बसला, तो पुढच्या खेपेला काय करील? टेम्पलनी या वेळी काटकसर दाखवायचे मनावर घेतले. मला तर वाटते, या साऱ्या इतिहासात ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. टेम्पल काही दुष्ट गृहस्थ नव्हते. वरिष्ठांना काय आवडते ते त्यांना कळले होते, इतकेच.

त्यांनी ठरवले की दुष्काळी कामावरच्या मोठ्या माणसाला दिवसाला एक रत्तल धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा एवढी मजुरी पुरे. बाईला त्याहून थोडी कमी, मुलाला अर्धी. रत्तल म्हणजे पौंड. आजच्या हिशेबाने साधारण साडेचारशे ग्रॅम. अर्ध्या आण्यात मीठ, मिरची, डाळ, सरपण सगळे भागवायचे. ज्वारीच्या साडेचारशे ग्रॅममधून सोळाशेच्या आसपास उष्मांक मिळतात. दिवसभर खडी फोडणाऱ्या किंवा मातीच्या पाट्या वाहणाऱ्या गड्याला याच्या जवळजवळ दुप्पट लागतात. मद्रास इलाख्याचे आरोग्य कमिशनर डॉक्टर कॉर्निश यांनी ताबडतोब हरकत घेतली. इतक्या अन्नावर माणूस काम तर करू शकणार नाहीच, पण हळूहळू खचत जाऊन मरेल, असे त्यांनी लिहिले. तुरुंगातल्या सक्तमजुरीच्या कैद्यालाही याहून जास्त मिळते, हेही त्या वेळी टीकाकारांनी दाखवून दिले. म्हणजे चोरी करणाऱ्याचे पोट सरकार भरत होते, आणि चोरी न करता खडी फोडायला आलेल्याचे निम्मे.

मजुरी अशी उतरली. तिच्या जोडीला अंतराची अट आली. गावाजवळची कामे बंद करा, ज्याला काम हवे त्याने आपल्या घरापासून दहा मैलांपलीकडच्या मोठ्या कामावर जावे आणि तेथेच छावणीत राहावे, असा हुकूम झाला. दहा मैल म्हणजे पाच कोस. हेतू तोच, वर्कहाउसाचा: ज्याला खरोखरच गरज आहे तोच एवढे सोसून येईल.

मंडळी, गावात राहणाऱ्या माणसाला या अटीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. घरात थकलेली आई आहे, तिला पाच कोस चालवत नाही. तिला मागे ठेवावे तर भाकर कोण देणार? गोठ्यात एक बैल कसाबसा जगवला आहे. त्याला सोडून गेले तर पुढच्या मिरगात नांगराला काय जुंपायचे? अंगावर पोर असलेली बाई छावणीत उघड्यावर कशी राहणार? घराला कुलूप लावून जावे, तर परत येईपर्यंत आढे-वासे तरी जाग्यावर राहतील का? आणि सगळ्यांत मोठी अडचण अशी की ज्याच्या अंगात पाच कोस चालण्याचे बळ उरले आहे, त्याची गरज त्यातल्या त्यात कमी. ज्याला चालवत नाही त्यालाच मदत आधी हवी. चाळणी उलटी बसवली होती म्हणा ना!

कामावर पोचल्यावर तिसरी कसोटी. दिवसाला अमुक इतके घनफूट खोदकाम, अमुक इतकी खडी, असे काम नेमून दिलेले. संध्याकाळी कारकून आणि मुकादम मोजणी करीत. काम कमी भरले तर मजुरी कापली जाई. हजेरीला उशीर झाला की नावापुढे फुली. आता पाहा, आज अशक्तपणामुळे काम कमी झाले, म्हणून मजुरी कापली. मजुरी कापली म्हणून रात्री भाकर अर्धी. अर्ध्या भाकरीवर उद्या काम आणखी कमी. म्हणून परवा आणखी कपात. चारपाच दिवसांत माणूस त्या मस्टरवरून दिसेनासा होतो, आणि कागदावर त्याची नोंद काय होते? ‘स्वखुशीने काम सोडले.’ वरच्या कचेरीत आकडा कमी झालेला दिसतो आणि साहेब समाधानाने म्हणतो, ‘पाहा, यांना गरज नव्हतीच!’

असो. या हुकुमांवर लोकांनी काय केले, ते तर आपल्या शाळांतल्या मुलांना जरूर सांगण्यासारखे आहे. ते मुकाट बसले नाहीत. मुंबई इलाख्यात माणसे दूरच्या छावण्यांत जायला नकार देऊ लागली. जी गेली होती तीही टोळ्याटोळ्यांनी काम टाकून निघाली. टेम्पलसाहेबांच्याच अंदाजाप्रमाणे १२ जानेवारी ते १२ मार्च १८७७ या दोन महिन्यांत १ लाख २ हजार लोक काम सोडून गेले. यामागे काही संघटना असावी असा त्यांना संशय आला, आणि हा सरकारी हुकमाला केलेला मूक प्रतिकार आहे अशा अर्थाचे शब्द त्यांनी वापरले. उपाशी माणसांचा संप! गिरण्यांतल्या संपांचे दिवस अजून यायचे होते, सत्याग्रह हा शब्द जन्माला यायला तीस वर्षे होती, आणि इकडे दख्खनच्या माळावर पोटात अन्न नसलेली माणसे म्हणत होती की एवढ्याशा मजुरीवर आणि अशा अपमानाने आम्ही काम करणार नाही. यांतले पुष्कळसे शेतकरी होते. त्यांची स्वतःची जमीन होती, गावात मान होता. मुकादमाच्या शिव्या खायची त्यांना सवय नव्हती.

हा संप यशस्वी झाला असे मात्र कोणी समजू नये. सरकार हटले नाही. संप करणाऱ्याच्या घरात दाणा असावा लागतो, आणि तोच तर नव्हता. कोणी निजामाच्या मुलखात उतरले, कोणी वऱ्हाडची वाट धरली, कोणी गावात परतून रानातली पाने-मुळे उकडून खाऊ लागले. पुष्कळांना शेवटी छावणीत परत यावे लागले, आणि येईपर्यंत अंगात त्राण उरले नव्हते. पुढे छावण्यांतून पटकीची साथ फिरली, तिला अशी माणसे आयतीच सापडली.

या काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने जे काम केले त्याला तोड नाही. सभेची स्थापना १८७० सालची. सार्वजनिक काकांच्या धडपडीला न्यायमूर्ती रानड्यांच्या बुद्धीची जोड होती. ते त्या वेळी पुण्यासच न्यायखात्यात नोकरीस होते. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांत माणसे पाठवली आणि तालुक्यातालुक्यांतून माहिती गोळा केली. पीक किती आले, भाव काय आहे, काम कोठे निघाले, कोठे बंद झाले, मजुरी किती, लोक कोठे गेले, अशी माहिती जमवून सरकारला एकामागून एक लांबलचक पत्रे पाठवली. भाषा नम्र, आकडे पक्के. एक रत्तलाचे प्रमाण किती अपुरे आहे आणि अंतराची अट कशी घातक आहे, हे त्यांत पुन्हापुन्हा सांगितलेले आहे. आपल्याकडे रागाचे लेख पुष्कळ निघतात, पण कोणत्या गावात किती माणसांचे काम कधी तुटले हे कोणी लिहून ठेवत नाही. सभेने ते लिहून ठेवले, म्हणून आज हा इतिहास सरकारी अहवालांच्या बाहेरूनही वाचता येतो. तिकडे जोतिराव फुले आणि सत्यशोधक मंडळींनी पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी अन्नछत्र चालवले. तेथे पाच कोसांची अट नव्हती. मद्रासेस ‘मद्रास टाइम्स’चे संपादक विल्यम डिग्बी यांनी पुढे १८७८ साली या दुष्काळावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात टेम्पल आणि कॉर्निश यांचा सगळा वाद आला आहे.

मद्रास सरकारने डॉक्टरांचे म्हणणे ऐकून काही महिन्यांतच मजुरी वाढवली. आपल्या इलाख्यात तसे झाले नाही. उलट त्याच १८७७ साली टेम्पलसाहेबच मुंबईचे गव्हर्नर झाले. दुष्काळ सरला तेव्हा इंग्रजी अमलातल्या मुलखात मिळून ५० लाखांहून अधिक माणसे जास्तीची मेली असा अंदाज निघाला. आपल्याकडे सोलापूर, कलादगी अशा जिल्ह्यांत तर १८७२ च्या शिरगणतीत जेवढे लोक होते तेवढेही १८८१ च्या शिरगणतीत भरले नाहीत. यांतली किती माणसे अपुऱ्या अन्नाने गेली, किती तापाने, किती पटकीने, आणि किती अटींमुळे मदतीपासून दूर राहून, याची वेगवेगळी मोजदाद करता येत नाही. मजुरी कापल्याने मेला, असे मृत्यूच्या नोंदवहीत कोणी लिहीत नसतो. तेथे लिहिलेले असते ‘ताप’ किंवा ‘जुलाब’.

पुढे सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ कमिशन बसले. त्याचा अहवाल १८८० साली आला आणि त्यावरून निरनिराळ्या इलाख्यांसाठी दुष्काळाचे नियम तयार झाले. त्यांत बऱ्याच गोष्टी सुधारल्या. अन्नाचे प्रमाण वाढले. काम करण्याची ताकद नाही अशांना गावातच फुकट मदत द्यावी, हे मान्य झाले. पण गरजवंताची परीक्षा कामानेच घ्यायची, हे तत्त्व कायम राहिले, आणि कमी कामाला दंड ही युक्तीही राहिली. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात मुंबई इलाख्यात तिने पुन्हा डोके वर काढले. नेमून दिलेले काम पुरे झाले नाही तर जगण्यापुरत्या किमान मजुरीच्याही खाली जाऊन ‘दंडाची मजुरी’ द्यायची, असा प्रकार चालला. काम टोळीला मिळून नेमलेले असे. मग टोळीत म्हातारा नको, पोटुशी बाई नको, असे टोळीवालेच म्हणू लागले तर नवल काय? गुजरातेत पंचमहालाकडचे भिल्ल तर अशा कामाला आणि कारकुनी मोजणीला अगदीच अपरिचित. त्यांचे फार हाल झाले. विलायतेच्या ‘मँचेस्टर गार्डियन’ पत्राचे बातमीदार व्हॉन नॅश यांनी त्या वर्षी हिंडून ही कामे पाहिली आणि दंडाच्या मजुरीवर कडक लिहिले.

ज्या देशातून हा विचार आला तेथे आता वर्कहाउसे नाहीत. बेकाराला, आजाऱ्याला सरकारी भत्ता मिळतो. परंतु तेथेही २०१२ च्या कायद्याने भत्त्याच्या अटी कडक झाल्या. कचेरीत ठरल्या वेळी हजर न होणे, पुरेशा नोकऱ्या न शोधणे अशा कारणांवरून भत्ता काही आठवडे तोडण्याची मुभा होती, आणि वारंवार चुकणाऱ्याला तर तीन वर्षांपर्यंत. ही तीन वर्षांची शिक्षा २०१९ साली काढून टाकावी लागली. तत्पूर्वी २०१६ साली तेथल्याच सरकारी लेखातपासणी कचेरीने दाखवून दिले होते की या कपातीचा परिणाम काय होतो हे खात्याने नीट तपासलेलेच नाही. कपात कोणाच्या वाट्याला आली? मन ठिकाणावर नसलेला, लिहिता-वाचता न येणारा, राहायला घर नसल्यामुळे कचेरीचे पत्र हाती न पडलेला, अशांनाच ठरल्या वेळी ठरल्या जागी पोचणे अवघड जाते. लबाड माणूस सहसा वेळेवर हजर असतो.

आपल्याकडे पुन्हा एकदा मोठी कसोटी आली ती १९७२ साली. महाराष्ट्रात लागोपाठच्या वर्षांनी पाऊस हुकला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. या वेळी सरकारने कामाची दारे उघडी ठेवली आणि १९७३ च्या उन्हाळ्यात जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडून हाताला आलेले घट्टे आणि मुलांना वाटलेली सुकडी, यांच्या आठवणी अजून गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांजवळ आहेत. मजुरी थोडी होती, ती वेळेवर मिळत नसे, मोजणीत मुकादमाची लबाडीही होती. लोकांनी त्याविरुद्ध मोर्चे काढले, घेराव घातले. पण १८७७ सारखी माणसे मेली नाहीत.

वि. स. पागे यांनी सुचवलेली रोजगार हमीची कल्पना याच दुष्काळात मोठ्या प्रमाणावर कसाला लागली आणि १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला. मागेल त्याला काम, आणि पंधरा दिवसांत काम न दिले तर सरकारनेच मजुराला बेकारी भत्ता द्यायचा. हा भत्ता दिवसाला अवघा एक रुपयापासून होता आणि तो पदरात पडणे महाकठीण होते, हे खरे. पण चुकल्याचा दंड प्रथमच मजुरावरून सरकारवर गेला होता. पुढे २००५ साली केंद्राने सगळ्या देशासाठी असाच कायदा केला. त्यात अंतराचेही एक कलम होते: काम मजुराच्या गावापासून पाच किलोमीटरच्या आत द्यावे, आणि त्याहून दूर द्यावे लागले तर जाण्यायेण्यासाठी दहा टक्के मजुरी जास्त द्यावी.